न गाण्याचा हुकूम झालेली गायिका

वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्या-दुसऱ्या वर्षी करारांचा कायदा शिकावा लागतो. माझ्याकडे गाणे शिकायला येणारा एक मुलगा सध्या त्याच फेऱ्यात आहे. तंबोऱ्याची गवसणी काढण्याआधी तो पिशवीतून पुस्तक काढतो आणि खटल्यांची नावे घोकत बसतो. सर्दी-पडशावरच्या धुराच्या गोळ्याचा खटला, गिरणीच्या मोडलेल्या दांड्याचा खटला, कलकत्त्याच्या अल्पवयीन कर्जदाराचा खटला, अशी ती माळ असते. एके दिवशी त्यात ‘लम्ली विरुद्ध वाग्नर, १८५२’ हे नाव आले आणि घोकणे थांबवून त्याने मला विचारले, की हा वाग्नर म्हणजे तो जर्मन संगीतकारच का?

तो नव्हे, त्याची पुतणी. पुस्तकात तिच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत आणि त्यांत ती अमुक एका नाटकगृहात गाण्याचा करार करून दुसरीकडे गाऊ पाहणारी प्रतिवादी, एवढीच उरली आहे. तिचा आवाज कसा होता, ती कोणाकडे शिकली, खटल्यानंतर तिचे काय झाले, याच्याशी परीक्षेला कर्तव्य नाही. आम्हा गाणाऱ्यांना मात्र आहे. म्हणून ही हकीकत सांगण्याचे योजले आहे.

योहान्ना वाग्नर हिचा जन्म १३ ऑक्टोबर १८२६ रोजी जर्मनीत हानोव्हरजवळच्या एका खेड्यात झाला. थोर संगीतकार रिचर्ड वाग्नर याचा वडील बंधू अल्बर्ट हा गायक आणि नाट्यप्रयोगांची मांडणी करणारा जाणकार गृहस्थ होता. योहान्ना ही त्याची दत्तक कन्या. घरात अष्टौप्रहर रंगभूमीच. लहानपणापासून ती छोट्या भूमिका करीत असे, आणि १८४४ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, काकाच्या खटपटीने तिला ड्रेस्डेनच्या राजदरबारच्या संगीत नाट्यगृहात जागा मिळाली. रिचर्ड त्या वेळी तेथे दरबारी संगीत-संचालक होता. ‘टानहॉयझर’ या त्याच्या नव्या संगीतिकेचा पहिला प्रयोग १९ ऑक्टोबर १८४५ रोजी झाला, तेव्हा एलिझाबेथची भूमिका योहान्नाने केली. नुकतीच एकोणीस वर्षांची झालेली मुलगी, आणि जिच्याकडे पुढच्या गायिका आदर्श म्हणून पाहतील अशी भूमिका तिच्या गळ्यातून प्रथम उभी राहिली. घराणेशाहीने जागा मिळते, पण टिकावे लागते ते स्वतःच्या सुरावर, हे आपल्याकडच्या दरबारांनीही पुष्कळ पाहिले आहे.

तिचे वेगळेपण असे, की एवढे नाव झाल्यावरही तिला आपली तालीम अपुरी वाटली. १८४६ पासून सुमारे दोन वर्षे ती पॅरिसमध्ये पोलीन व्हियार्दो या विख्यात गायिकेकडे शिकली. व्हियार्दोबाई म्हणजे मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनगुरूची मुलगी. युरोपात गळ्याच्या शास्त्राचे जे एक घराणे म्हणता येईल, त्याचीच ही गादी. तिथून योहान्ना हँबर्गला गेली आणि लौकरच बर्लिनच्या राजदरबारी नाट्यगृहाने तिला बोलावून घेतले.

तिचा आवाज तिकडच्या परिभाषेत मेझो-सोप्रानो, म्हणजे तारसप्तकापेक्षा मध्य आणि मंद्राकडे अधिक भरलेला स्त्रीकंठ. उंच बांधा, भारदस्त चाल आणि अभिनयाची उपजत जाण, यामुळे तिला भूमिकाही तशाच शोभत. मायरबेअरच्या ‘ल प्रोफेत’मधली फिदेस ही वृद्ध माता ती पंचविशीच्या आत गाऊ लागली. ही भूमिका मुळात तिच्या गुरूसाठी, व्हियार्दोबाईसाठी लिहिलेली होती. बेल्लिनीच्या संगीतिकेतला रोमिओही ती करी. आपल्याकडे पुरुषांनी स्त्रीपार्ट गाजवले, तिकडे स्त्रीने तलवार लटकावून रोमिओ गावा आणि प्रेक्षकांनी त्यात काही वावगे मानू नये, हा रंगभूमीचा उलटा न्याय मला नेहमी गमतीचा वाटतो.

बर्लिनमधल्या या यशाची वार्ता लंडनला पोचायला वेळ लागला नाही. त्या काळी लंडनमध्ये संगीतिकेची दोन मोठी नाट्यगृहे एकमेकांशी हाडवैर धरून होती. हेमार्केटमधले हर मॅजेस्टीज थिएटर बेंजामिन लम्ली चालवीत असे, आणि कॉव्हेंट गार्डनमधली रॉयल इटालियन ऑपेरा फ्रेडरिक जाय याच्या हाती होती. लम्लीसाहेब मूळचे वकील. १८४७ साली त्यांचे कित्येक नामांकित गायक फुटून कॉव्हेंट गार्डनला जाऊन मिळाले होते, आणि ते भगदाड त्यांनी येनी लिंड या स्वीडिश गायिकेला आणून बुजवले होते. आता येनी लिंडही संगीतिकेच्या रंगभूमीवरून निवृत्त झाली होती. लम्लीसाहेबांना नवे नाव पाहिजे होते, आणि पैशाची तर फारच ओढ होती.

९ नोव्हेंबर १८५१ रोजी करार झाला. योहान्नाच्या बाजूने बोलणी केली ती डॉ. योझेफ बाखर या मुखत्याराने. करार फ्रेंच भाषेत होता आणि त्याची कलमे वाचताना नाटक कंपन्यांच्या आपल्याकडच्या करारपत्रांची आठवण होते. १ एप्रिल १८५२ पासून तीन महिने. आठवड्यातून दोन रात्री गायचे. बिदागी दर आठवड्यास १०० पौंड, आणि दोनांहून अधिक रात्री गायिल्यास प्रत्येक जादा रात्रीचे ५० पौंड. पहिल्या तीन भूमिका रोमिओ, फिदेस आणि व्हॅलंटाइन याच क्रमाने झाल्या पाहिजेत. ठरलेल्या सहा भूमिका त्या तीन महिन्यांत दुसऱ्या कोणत्याही गायिकेने गाता कामा नयेत. इसाऱ्यादाखल ३०० पौंड १५ मार्चपर्यंत बर्लिनला पोचते करायचे. एकंदरीत गाणारीच्या बाजूने करार काही वाईट नव्हता.

पण लम्लीसाहेब वकील होते. कागद पाहून त्यांनी हरकत घेतली, की त्यात एक नेहमीचे कलम राहून गेले आहे. तेव्हा बाखरने योहान्नाच्या वतीने खाली एक जोड दिली : लम्लींच्या लेखी संमतीवाचून ती दुसऱ्या कोणत्याही नाट्यगृहात, जलशात किंवा खाजगी बैठकीतदेखील आपली कला दाखवणार नाही. पुढे सारे रामायण घडले ते या एका जोड-कलमामुळे. वाग्नर पक्षाचे म्हणणे पडले, की बाखरला ते कलम घालण्याचा अधिकारच नव्हता, आणि इसाऱ्याचे पैसेही मुदतीत पोचले नाहीत.

इकडे जायसाहेब स्वस्थ नव्हते. १८५२ च्या एप्रिलच्या आरंभी त्यांनी जास्त रकमेवर योहान्नाला कॉव्हेंट गार्डनसाठी बांधून घेतले. हा व्यवहार बहुतेक अल्बर्टनेच केला, कारण मुलीची सारी देवघेव तोच पाही. लम्लीसाहेबांनी ताबडतोब चॅन्सरी कोर्टात धाव घेऊन योहान्ना, अल्बर्ट आणि जाय अशा तिघांवर दावा लावला, आणि तिने कॉव्हेंट गार्डनमध्ये किंवा इतरत्र गाऊ नये असा मनाई हुकूम मिळवला. त्यावर अपील झाले ते थेट लॉर्ड चॅन्सेलर सेंट लेनर्ड्स यांच्यापुढे. लंडनच्या वर्तमानपत्रांना तर पर्वणीच लाभली. अल्बर्टच्या एका पत्रात इंग्लंडची किंमत काय ती तिथल्या पैशापुरतीच, अशा आशयाचा एक शेरा होता, तो उघडकीला आला. मग इंग्रज लोक असे काही खवळले, की बिचाऱ्या गायिकेचा एकही सूर न ऐकता शहर तिच्यावर रुष्ट झाले.

निकाल २६ मे १८५२ रोजी लागला. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यातली ग्यानबाची मेख विद्यार्थ्यांच्या हातून नेहमी निसटते. कोर्ट लम्लीच्या नाट्यगृहात गाण्याचा हुकूम देऊ शकत नाही, हे लॉर्डसाहेबांनी मान्य केले. गाणे ही काही गोदामातली गाठ नव्हे, की बेलिफाने जाऊन ती उचलून आणावी. समजा हुकूम दिला आणि गायिका रंगमंचावर उभी राहून मुद्दाम बेसूर गायिली, तर कोणता न्यायाधीश तिचा षड्ज लावून देणार? म्हणून प्रत्यक्ष गाण्याची सक्ती नाही. पण करारात दुसरेही एक वचन होते, इतरत्र न गाण्याचे. ते मोडू न देणे मात्र कोर्टाच्या हातात आहे, आणि तेवढे कोर्ट करील, असे त्यांनी ठरवले. १८२९ साली एडमंड कीन या नटाच्या प्रकरणात कोर्टाने अशी मनाई नाकारली होती. तो जुना निर्णय सेंट लेनर्ड्स यांना पटला नाही. वळणाने का होईना, आपण तिला गायला भाग पाडीत आहोत असे कोणी म्हणू नये, याचीही काळजी त्यांनी निकालात घेतली. तरीही दुसरी दारे बंद झाली म्हणजे ती कदाचित आपल्या शब्दाला जागेल, ही गोष्टही त्यांनी बोलून दाखवली.

तसे झाले नाही. लम्लीच्या नाट्यगृहात गायची योहान्नाची इच्छा नव्हती, आणि जायच्या नाट्यगृहात गायची मुभा नव्हती. त्या हंगामात ती लंडनच्या कोणत्याही रंगमंचावर गायिली नाही आणि बर्लिनला परतली. पंचवीस वर्षांचा तयार गळा, दोन नाट्यगृहे तिच्यासाठी कोर्टात भांडताहेत, आणि श्रोत्याच्या कानी काही नाही! कायद्याने सर्वांचा न्याय केला असेल, पण गाणे मात्र कोणालाच मिळाले नाही.

दोष कोणाचा? मला विचाराल तर पहिला अल्बर्टचा. पोरीच्या गळ्याचा भाव वाढताना पाहून एका कागदावर शाई वाळते न वाळते तोच दुसऱ्या कागदाला हात घालणारे बाप, मामा आणि नवरे आपल्याकडेही कमी झाले नाहीत. पण लम्लीसाहेबही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. येनी लिंड जेव्हा त्यांच्याकडे आली, तेव्हा ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या आल्फ्रेड बन याच्याशी तिचा आधीच करार झालेला होता. तो मोडून ती आली. बनने दावा केला आणि १८४८ साली त्याला २,५०० पौंड नुकसानभरपाई मिळाली. त्या वेळी दुसऱ्याची गायिका पळवणारे लम्लीसाहेब चार वर्षांनी सद्‌सद्विवेकाच्या कोर्टात उभे राहून करारपावित्र्याची दाद मागत होते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट सांगितली तर मुलांना खटला जन्मात विसरायचा नाही.

लम्लीसाहेबांनी जायवर वेगळा दावाही लावला. आपल्याशी बांधलेल्या गायिकेला त्याने फितवले, म्हणून भरपाई द्यावी, असा त्याचा रोख होता. इंग्लंडात चौदाव्या शतकातल्या महामारीनंतर मजूर मिळेनासे झाले, तेव्हा दुसऱ्याचा चाकर फितवणाऱ्याला शासन करणारे कायदे झाले होते. प्रश्न असा पडला, की संगीतिकेतली प्रमुख गायिका ही चाकर म्हणायची काय? १८५३ साली क्वीन्स बेंचच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवले, की चाकर असो वा नसो, चालू करार जाणूनबुजून मोडायला लावणे हा दिवाणी अपराध आहे. चौथे न्यायमूर्ती कोलरिज यांनी जुन्या कायद्याचा सारा इतिहास उकरून काढून विरोधी मत दिले. तत्त्व लम्लीच्या बाजूने लागले खरे, पण पुढे ज्यूरीपुढे पुरावा झाला तेव्हा तो करार बंधनकारक नाही असे जायला प्रामाणिकपणे वाटत होते, असे ज्यूरीने मानले आणि लम्लीच्या पदरात काही पडले नाही. त्याचे नाट्यगृह तर १८५२ च्या हंगामानंतर बंदच पडले होते.

चाकर की कलावंत, हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. बडोद्याच्या दरबारात कलावंत कारखाना नावाचे खातेच होते. हत्तीखाना, फरासखाना तसा हाही एक कारखाना. गवई, बीनकार, सारंगिये सारे पगारी. बाहेरगावी बैठकीला जायचे तर आधी रजेचा अर्ज करून हुकूम घ्यावा लागे, असे मी वडिलांकडून ऐकत आलो. त्यांनी ती गोष्ट कधी तक्रार म्हणून सांगितली नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, सणावाराला पोशाख, म्हातारपणाची सोय, आणि त्या बदल्यात गळा दरबारचा. सौदा त्यांना मान्य होता. मला तो पुरता मान्य आहे असे सांगवत नाही, पण त्या पगारावरच आम्ही वाढलो, हेही विसरता येत नाही.

असो. बर्लिनमध्ये योहान्नाबाईंचे स्थान अढळ राहिले. ७ जानेवारी १८५६ रोजी ‘टानहॉयझर’ प्रथमच बर्लिनच्या दरबारी रंगभूमीवर आले, तेव्हा एलिझाबेथ पुन्हा त्यांनीच केली. ज्याने ती रचली तो काका मात्र प्रयोगाला येऊ शकला नाही. १८४९ च्या ड्रेस्डेनच्या बंडात सामील झाल्यामुळे तो परागंदा होऊन स्वित्झर्लंडमध्ये राहत होता.

त्याच वर्षी एक अजब योग जुळून आला. मार्च १८५६ मध्ये कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. संधी साधून लम्लीसाहेबांनी आपले बंद पडलेले नाट्यगृह पुन्हा उघडले, आणि त्या हंगामात त्यांच्या रंगमंचावर रोमिओ म्हणून कोण उभे राहावे? योहान्ना वाग्नर! ज्या भूमिकेने करारातल्या कामाचा आरंभ व्हायचा होता, ती भूमिका चार वर्षांनी त्याच मालकाच्या नाट्यगृहात झाली, आणि या वेळी कोर्टाचा हुकूम लागला नाही. लंडनच्या रसिकांनी जुना राग सोडून त्यांचे स्वागत केले. खटल्याच्या पुस्तकांत हा भाग का नसतो, ते कळणे कठीण नाही. जे आपखुशीने घडते त्याची नोंद कायद्याला लागत नाही.

१८५९ साली त्यांनी आल्फ्रेड याखमान या सरकारी अधिकाऱ्याशी विवाह केला. त्याच वर्षी बर्लिनला ‘लोएनग्रिन’ झाले, त्यात ऑर्ट्रुड या कपटी स्त्रीची भूमिका त्यांनी केली. आणि मग दोनच वर्षांत, पस्तिशीच्या सुमारास, गळ्याने दगा दिला. ज्या आवाजासाठी दोन नाट्यगृहे भांडली, ज्याला लॉर्ड चॅन्सेलरने टाळे लावले, तो १८६१ मध्ये आपण होऊन निघून गेला. गाणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठा घाव नाही. अशा वेळी माणसे शिकवण्या करतात, देवाला लागतात किंवा जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे काढून बसतात. योहान्नाबाईंनी गद्य नाटकांत प्रवेश केला, आणि पुढची सुमारे दहा वर्षे बर्लिनच्या राजदरबारी रंगभूमीवर शोकात्म नाटकांतली थोर अभिनेत्री म्हणून कीर्ती मिळवली. सूर गेला, पण शब्दाचे वजन आणि उभे राहण्याची ऐट त्यांनी जाऊ दिली नाही.

हळूहळू आवाजही काही अंशी परत आला. २२ मे १८७२ रोजी बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नरने आपल्या स्वप्नातल्या नाट्यगृहाची कोनशिला बसवली. पाऊस कोसळत होता. त्या समारंभात बेटोव्हनची नववी सिंफनी झाली, आणि तिच्यातला खालच्या पट्टीचा स्त्रीकंठ सेहेचाळिशीकडे झुकलेल्या पुतणीचा होता.

या तारखेपाशी मी जरा थांबतो. तिच्या आधी महिनाभर, १८७२ च्याच एप्रिलमध्ये, हिंदुस्थानचा कराराचा कायदा मंजूर झाला होता. माझ्या विद्यार्थ्याने त्यातले ३९ वे कलम मला वाचून दाखवले. त्याच्या दाखल्यात एक गायिका आहे. तिला नाव नाही, नुसते एक अक्षर आहे. ती एका नाट्यगृहाच्या चालकाशी आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार करते आणि तिची बिदागी रात्रीला १०० रुपये असते. सहाव्या रात्री ती मुद्दाम गैरहजर राहते. आठवड्याच्या दोन रात्री आणि तो शंभराचा आकडा वाचून मला तरी योहान्नाबाईंची सावली दिसली. मसुदा करणाऱ्याच्या मनात त्याच होत्या की नाही, देव जाणे. १८७७ च्या विशिष्ट दादीच्या कायद्यात तर शंकेलाही जागा नाही. त्याच्या ५७ व्या कलमाच्या दाखल्यात बारा महिने एका नाट्यगृहात गाण्याचा आणि इतरत्र न गाण्याचा करार आहे, आणि उत्तरही सेंट लेनर्ड्स यांचेच आहे : गायला लावता येणार नाही, इतरत्र गाणे थांबवता येईल. १९६३ साली तो कायदा नव्याने झाला, तरी तत्त्व ४२ व्या कलमात कायम राहिले.

इंग्लंडात पुढे या निकालाविषयी न्यायाधीशांनाच शंका आल्या. १८९१ मध्ये लिंडले यांनी तो अपवादच समजावा, त्याची व्याप्ती वाढवणे धोक्याचे, असे मत दिले. तरीही १९३६ साली बेट्टी डेव्हिस या चित्रपटतारकेला याच तत्त्वाने दुसऱ्या कंपनीत काम करण्यापासून रोखण्यात आले. आपल्याकडे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण गाण्याचे नव्हते, कल्याणच्या रेयॉन कारखान्यातले होते. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला माणूस मध्येच सोडून दुसऱ्या गिरणीत गेला, आणि उरलेल्या मुदतीपुरती त्याला केलेली मनाई न्यायालयाने कायम ठेवली. बर्लिनच्या गायिकेचा गळा टायरच्या धाग्यापर्यंत असा येऊन पोचला.

बाईंना यातले फारसे काही ठाऊक असण्याचे कारण नाही. १८७६ च्या ऑगस्टमध्ये बायरॉइटचे नाट्यगृह खुले झाले आणि चार रात्रींचे ‘निबेलुंगांची अंगठी’ हे महानाट्य प्रथमच सबंध झाले. त्यात त्यांनी एका रणकन्येची आणि दैवाचा दोर वळणाऱ्या तीन बहिणींपैकी पहिलीची, अशा दोन लहान भूमिका केल्या. तीस वर्षांपूर्वी काकाची पहिली एलिझाबेथ झालेल्या गायिकेने सात जणींबरोबर उभे राहून गावे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १८८२ पासून दोन वर्षे त्यांनी म्यूनिकच्या राजकीय संगीतशाळेत मुलींना गाणे शिकवले.

१६ ऑक्टोबर १८९४ रोजी वुर्ट्सबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. अडुसष्टावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते.